मेंढ्यांचं औषध

बुधवारी सकाळी आभाळ अवेळी भरून आलं. मालकाच्या साडेपाचशे मेंढ्यांपैकी जेमतेम तीनशे कातरून झाल्या होत्या. बाकीच्या ओढ्यावर धुऊन, उन्हात वाळवून तयार ठेवलेल्या. एक सर आली की सगळी मेहनत पाण्यात. ओली लोकर कातरता येत नाही. कातरलीच तर पोत्यात कुबट होते, आणि कुबट लोकरीचं पोतं मालक कातरणाऱ्याच्याच अंगावर टाकतो. म्हणून थोरला उजाडल्यापासून पाठ सरळ न करता कातरत होता.

घरचीच टोळी होती. थोरला म्हणजे कर्ता. त्याच्या हाताखाली धाकटा भाऊ, बायको, स्वयंपाकापुरती म्हातारी आई, आणि मधल्या भावाची विधवा. मधला जाऊन अडीच वर्षं झाली होती, तरी तिला सगळे अजून मधलीच म्हणत. थोरला मेंढी ढुंगणावर बसवायचा, पोटापासून सुरुवात करायचा, मग बगला, मग पाठ, आणि अंगातला सदरा काढावा तशी अख्खी लोकर एका तुकड्यात काढून बायकोपुढे टाकायचा. मेंढीला कातर लागली की जखमेवर जांभळं औषध लावतात. थोरल्यानं कातरलेल्या मेंढीवर जांभळा ठिपका दाखवा आणि बक्षीस घ्या, असं मालक पाहुण्यांना सांगायचा. हाताची अशी कीर्ती असलेला माणूस मनानंही तसाच हळुवार असेल असं लोकांना वाटायचं. लोकांना काय, काहीही वाटतं.

मधली दूर कुंपणापाशी एकटी बसायची. शेपटाकडची, शेणानं लडबडलेली लोकर तिच्या वाट्याला. चांगल्या लोकरीला तिनं हात लावायचा नाही, असं मालकाचं म्हणणं होतं. मालकाचं होतं हे खरं, पण त्याच्या आधी ते थोरल्याचं होतं.

दहाच्या सुमाराला धाकटा हात पुसत आला. चेहऱ्यावर काहीतरी मोठं काम उरकल्याचं समाधान.

"दादा, त्या लंगडणाऱ्या मेंढ्या होत्या ना, चौदा, त्यांना औषध देऊन टाकलं."

"बरं केलंस."

"तुझ्या पांढऱ्या बाटलीतलं दिलं. भारी आहे म्हणालास ना."

थोरल्याची कातर मेंढीच्या बगलेत थांबली. "कुठल्या बाटलीतलं?"

"औषधांच्या पेटीत तळाशी असते ती. तूच म्हणालास, मेंढ्यांचं औषध आहे, महाग आहे, उगाच हात लावू नका. म्हटलं, आज वेळ आलीच आहे. दोन-दोन गोळ्या दिल्या. दोघी-तिघी थुंकायला लागल्या, त्यांचं तोंड दाबून धरलं."

"किती उरल्या?"

"उरतील कशा? चौदा दुणे अठ्ठावीस. बाटली धुऊन ठेवलीय, कातरीच्या तेलाला होईल." धाकट्यानं मागं वळून कळपाकडे पाहिलं. "एक जरा बरी चालतेय, नाही?"

थोरल्यानं मान हलवली. दुसरं काय करणार? आपलं महिनाभराचं जगणं चौदा मेंढ्यांच्या पोटात गेलं हे कुणाला सांगणार? धाकट्याला ओरडावं तर त्याचा गुन्हा एवढाच की त्यानं दादाचा शब्द खरा मानला. मेंढीला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा थोरल्याच्या हातची कातर लागली, आणि जांभळं औषध आणायला बायको उठली.

थोरल्याला एचआयव्ही होता. मधला अंथरुणाला खिळला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, घरातल्यांनीही तपासून घ्या. थोरला कुणाला न सांगता एकटा गेला. दोघे भाऊ तरुणपणी लोकरीच्या लॉरीवर महिनोन्‌महिने बाहेर असत, एका बाटलीतलं पीत, एकाच दारातून आत जात. तेव्हा कागदावर जे आलं त्याचं त्याला नवल वाटलं नाही, नुसती भीती वाटली. मधलीनंही तपासून घेतलं. तिनं मात्र घरी येऊन अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. नवरा गेलेला, हे मला त्यांच्याकडून आलं, तुम्हीही तपासून घ्या, एवढं सरळ. तेव्हा थोरल्याचा कागद त्याच्या खिशात होता. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि तो म्हणाला, "हिचं ताट-वाटी वेगळी ठेवा. झोपायला लोकरीची खोली आहे." कोणी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून मधली पोत्यांमध्ये झोपायची, आणि थोरला रोज सकाळी मेंढ्यांना बघतो म्हणून पेटीकडे जाऊन आपली गोळी गिळायचा.

गोळी एक दिवसही चुकवायची नाही, हे दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. पण हंगामाच्या ऐन मध्यावर, आभाळ असं डोक्यावर असताना, कर्त्यानं उठून गावात जायचं तर कारण हवं. दुपारी जेवणं झाल्यावर थोरला गोठ्यामागे गेला आणि स्वतःची कातर, बापानं दिलेली, दगडावर दोनदा आपटून तिची कमान वाकडी केली. मग ती हातात धरून परत आला.

"वाकली बघ," तो बायकोला म्हणाला. "उद्या लोहाराकडे नेऊन सरळ करून आणतो."

"दुसरी आहे की."

"दुसरीनं हात चालत नाही."

बायकोनं कातर उलटीसुलटी करून पाहिली. "अशी कशी वाकली ही?" एवढंच म्हणाली. संशय घ्यायची सवय तिला नव्हती, आणि हेच थोरल्याला सोसवत नव्हतं.

गुरुवारी दुधाच्या गाडीतून तो गावात उतरला. मधली गुरुवारी पहाटेच उठून कुठंतरी जायची हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठं, हे विचारायची तसदी कुणी घेतली नव्हती. ती नसली की घरात जरा मोकळं वाटायचं, तेवढं पुरे होतं. थोरला एरवी मंगळवारी जायचा, गोळ्यांच्या खिडकीवर मान खाली घालून उभा राहायचा आणि बाटली खिशात टाकून निघायचा. तुमच्यासारख्यांच्या गटाच्या बैठकीला या, बसा, बोला, असं खिडकीतली बाई दर वेळी सांगायची. हो म्हणून तो कधी गेला नव्हता.

या वेळी खिडकीतून गोळ्या मिळेनात. "अठ्ठावीस हरवल्या म्हणता, तर आधी मॅडमना भेटा. मागची खोली."

मॅडम म्हणजे समुपदेशन करणारी, केस पिकत चाललेली बाई. थोरल्यानं चपला बाहेर काढल्या, इथं काढायच्या नसतात हे कळल्यावर पुन्हा घातल्या, आणि उभ्यानंच सांगितलं, "मेंढ्यांनी खाल्ल्या."

मॅडमनी चष्मा काढला. "मी इथं नऊ वर्षं आहे. पुरात गेल्या, उंदरांनी नेल्या, सासूनं चुलीत टाकल्या, सगळं ऐकलं. मेंढ्या पहिल्यांदाच."

"भावानं खायला घातल्या. त्याला माहीत नव्हतं."

"मग हे खरंच असणार. असलं खोटं कुणाला सुचत नाही." त्या हसल्या, पण वाईट हसल्या नाहीत. "गोळ्या देते. फक्त आधी आमच्या सोबतीणबाईंशी बोला. गोळी चुकलेल्या प्रत्येकाबरोबर त्या बसतात. डॉक्टरांपुढे लोक थापा मारतात, त्यांच्यापुढे मारत नाहीत. त्यांना स्वतःलाही तेच आहे ना."

त्यांनी शेजारच्या खोलीचं दार उघडलं. भिंतीला लागून बाकं, खिडकीत एक किटली, दहाबारा बाया-माणसं. कोणीतरी काहीतरी सांगत होतं आणि सगळे हसत होते. त्यांच्या मध्ये, हातात चहाचे पेले घेऊन, मधली उभी होती. तीही हसत होती. हे हसणं थोरल्यानं भावाच्या लग्नानंतर वर्षभर ऐकलं होतं, पुढं विसरून गेला होता. एका म्हाताऱ्यानं तिच्या हातातला पेला घेतला, घोट घेतला आणि म्हणाला, "ताई, साखर कमी." तिनं तोच पेला परत घेऊन त्यात साखर टाकली. एक तरुण मुलगी, शाळेत शिकवणारी असावी, मधलीसाठी आपल्या शेजारी बसायला जागा करत होती. इथं सगळे तिच्याजवळ सरकत होते.

"ताई, हे नवीन आहेत," मॅडम म्हणाल्या. "गोळ्या हरवल्यात."

मधलीनं वर पाहिलं. थोरला वळला. पळावं तर दारात मॅडम. मधलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. तिनं पेले खाली ठेवले आणि कोपऱ्यातल्या टेबलाकडे हात केला. "बसा."

तो बसला. तिनं वही उघडली, तारीख घातली. तिचं अक्षर त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिला लिहिता येतं हेही त्याच्या लक्षात नव्हतं.

"किती दिवसांची चुकली?"

"कालची घेतली होती. आजची चुकली."

"कारण?"

तो वहीकडे बघायला लागला.

"कारण लिहावं लागतं."

"मेंढ्यांच्या औषधांत ठेवल्या होत्या. धाकट्यानं..." पुढं तिला सांगायची गरज नव्हती. पेटी तिच्या ओळखीची होती.

"तिथं का ठेवल्या?"

"घरात कळू नये म्हणून."

तिनं ते लिहिलं. "घरात कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही."

पेन थांबलं. "एकीला आहे," ती वहीकडे बघतच म्हणाली. "यांनी ओळखलं होतं, जायच्या आधी सांगितलं मला. दादालाही आहे, त्याला सांभाळून घे, म्हणाले."

मधला मरताना थोरल्याची काळजी करत होता. "म्हणजे तुला त्या दिवशी अंगणात माहीत होतं?"

"हो."

"तरी बोलली नाहीस."

"माझं मी सांगितलं, भाऊजी. तुमचं तुम्ही सांगायचं."

एक शब्द ती बोलली असती तर त्याचंही ताट वेगळं झालं असतं. अडीच वर्षं ती तो शब्द तोंडात धरून शेणाची लोकर निवडत होती, आणि तो तिच्यासमोर ऐटीत मेंढ्या कातरत होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते काय, हे त्याला त्या टेबलाशी कळलं.

"पुढं विचारू?" ती म्हणाली. "हे सगळ्यांनाच विचारतात. झोप लागते का?"

"नाही लागत."

"जीव नकोसा होतो?"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं होतं. "होतो कधी कधी."

"शेवटचा कधी झाला?"

"आत्ता."

मधलीनं पेन खाली ठेवलं. ती त्याच्या हातांकडे बघत होती. लोकरीच्या तेलकटपणानं मऊ झालेले हात, त्यांना काय करावं सुचत नव्हतं.

"मला पहिल्या हिवाळ्यात व्हायचा," ती म्हणाली. "पोत्यांमध्ये पडल्यावर तुमची सगळ्यांची जेवताना बोलणी ऐकू यायची. एकदा विहिरीपर्यंत जाऊन आले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता म्हणून इथं आले, नाहीतर आले नसते. सहा महिने मी नुसती येऊन बसायचे. बोलायचे नाही काही. कुणीतरी हातात चहा द्यायचं, तो प्यायचे आणि परत जायचे. तेवढ्यासाठी यायचे." तिनं पेन उचललं. "तुम्हीही या. बोलायलाच पाहिजे असं नाही."

"मी कुठल्या तोंडानं येऊ?"

"ते मला विचारू नका." मग वहीचं पान उलटून ती म्हणाली, "वहिनींची तपासणी झाली?"

थोरला खिडकीतल्या किटलीकडे बघत राहिला.

"झाली का, भाऊजी?"

"मी लांबच असतो तिच्यापासून. तेव्हापासून."

"आणि त्याच्या आधी?"

आवाज तिनं चढवला नाही, पण बाकावरचा म्हातारा वळून बघायला लागला. "अडीच वर्षं," ती म्हणाली. "असलं तर अडीच वर्षं त्या गोळीशिवाय आहेत. माझ्याशी वागलात ते वागलात. त्यांनी काय केलं होतं तुमचं?"

त्याला रडू आलं. कर्ता माणूस, पन्नाशीला टेकलेला, परक्यांच्या खोलीत ढसाढसा रडला, आणि ज्या बाईला त्यानं वाळीत टाकलं होतं तिनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. तो पिताना त्याला हेही आठवलं की आपल्या घरात हिच्या हातचं पाणी कुणी पीत नाही.

"इथलं बाहेर जात नाही," ती शेवटी म्हणाली. "मी वहिनींना सांगणार नाही. तुम्ही सांगा. पाऊस, हंगाम, काही बघू नका. आज सांगा."

परतीच्या गाडीत तो ड्रायव्हरशेजारी बसला, ती मागं. फाट्यापासून अर्धा तास चालायचं होतं. ती नेहमीच्या सवयीनं पंधरा पावलं मागं राहिली. बरोबर चल, असं म्हणायचं त्यानं तीनदा ठरवलं. पण समोरून मालकाचा गडी सायकलवर येताना दिसला आणि थोरल्यानं पावलं उलट भरभर उचलली. एवढं रडून झाल्यावरही.

कातर तर तशीच वाकडी होती. लोहाराकडे जायचं त्याच्या डोक्यातच राहिलं नव्हतं. पण तिचं कुणी विचारायच्या आत, दिवस मावळताना, पाऊस आला. धाकटा मेंढ्या आडोशाला हाकायला पळाला. थोरला आणि बायको भरलेली पोती छपराखाली ओढायला लागले. मधलीनं न बोलावता एका पोत्याचं टोक धरलं, ओढून आत टाकलं आणि दुसऱ्यासाठी पावसात गेली.

"बघितलंत?" बायको धापा टाकत म्हणाली. "चांगल्या पोत्याला हात लावला तिनं. मालकानं बघितलं तर?"

"लावू दे."

"लावू दे काय? तुम्हीच तर सांगितलं होतं, तिच्या हातातून..."

"हातातून काही होत नाही. मला तेव्हाही माहीत होतं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दवाखान्यात सांगितलं." पाऊस पत्र्यावर इतका वाजत होता की त्याला जवळ जाऊन बोलावं लागलं. "मला आहे तो. मधल्याला होता तोच."

बायकोच्या हातात पोत्याचं तोंड होतं. तिनं त्याला गाठ मारली. मग त्याच गाठीवर आणखी एक मारली.

"कधीपासून?"

"मधला आजारी होता तेव्हा कळलं. त्याच्या आधीपासून असेल."

"आणि मला?"

"माहीत नाही. तपासायला पाहिजे."

ती ओरडेल, अंगावर धावून येईल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती पोत्याला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "तिचं ताट मी चिंधीनं धरून उचलत होते. तुमच्या देखत." जेवायला वाढलं, न बोलता. अंथरूण आईजवळ टाकलं.

शुक्रवारी सकाळी उघडीप होती, पण मेंढ्या चिंब भिजलेल्या. त्या दिवशी कातरणं होणार नव्हतं. बायको तोंड धुऊन थेट लोकरीच्या खोलीकडे गेली. उंबऱ्याशी थोडी अडली, मग आत गेली. थोरला बाहेर भिंतीशी उभा राहिला. आत जायचा धीर त्याला होईना, आणि तिथून हलताही येईना.

"झोपली होतीस का?" बायकोचा आवाज.

"नाही, या ना वहिनी. इथं बसा, ते पोतं कोरडं आहे."



"तपासणीला उपाशी जावं लागतं का गं?"

"नाही. पोटभर खाऊन चला."

"किती दिवसांनी सांगतात?"

"आजच सांगतात. मी आत येईन तुमच्याबरोबर, सोडणार नाही."

"मी तुला इतकं..."

"ते राहू द्या आता. गाडी चुकेल."

दोघी बाहेर आल्या. बायकोनं डोळे पदरानं पुसले होते. थोरला पुढं झाला. "मीही येतो."

रात्रीपासून पहिल्यांदा तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही नका येऊ. आईंना आणि धाकट्याला सांगा. आम्ही परत येईपर्यंत सांगून झालं पाहिजे. तेही मलाच करायला लावू नका."

त्या दोघी चिखलातून रस्त्याकडे गेल्या. मधली पुढं, घसरडं बघून पाऊल टाकत, आणि बायको तिचा दंड धरून.

आई आणि धाकटा छपराखाली बसले होते. धाकटा कातरींना तेल लावत होता. "दोघी कुठं गेल्या, दादा?" त्यानं विचारलं.

थोबाडात मारल्यासारखा थोरला तिथंच थांबला. बाजारात, माहेरी, डोळे दाखवायला, कितीतरी उत्तरं जिभेवर तयार होती. अडीच वर्षांचा सराव होता.

"दवाखान्यात," तो म्हणाला. "मला एचआयव्ही आहे. तिला माझ्याकडून आलाय का ते बघायला गेल्यात."

आईनं तोंडावर हात ठेवला. तिनं एक मुलगा असाच पोचवला होता. ती त्याच्या अंगावरून नजर फिरवत राहिली, हाडं मोजावीत तशी. धाकट्याला मात्र कुठलीही गोष्ट एकदम कळत नसे. तो ती हळूहळू, पायरी पायरीनं समजून घ्यायचा.

"म्हणजे मधला दादा गेला तेव्हाही तुला होता?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तू आमच्याबरोबर जेवत होतास, माझ्या शेजारी झोपत होतास. आम्हाला काही झालं नाही."

"तसं होत नसतं ते."

धाकट्यानं कातर मांडीवर ठेवली. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच समजलं नव्हतं आणि दादा समजावून सांगेल असं वाटत होतं. "मग मधल्या वहिनीला आपण त्या खोलीत का टाकलं?"

थोरल्यानं आईकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून," तो म्हणाला.

लहानपणापासून धाकटा दादाच्या तोंडाकडे बघून बोलायला, कातरायला, हसायला शिकला होता. आताही तो बराच वेळ त्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं मान फिरवली आणि ओल्या मेंढ्यांकडे बघत बसला.